एक जीबीपाशी तुटणारी फाइल

दौंड-शिरूरकडे मोठी फाइल अर्ध्यात तुटली की खापर फुटतं ते रेंजवर. पुरावाही हाताशी असतो: तीच फाइल पुण्यात फायबरवर सुरळीत उतरते. पण फाइल पुरवणाऱ्याने नुकताच वेब सर्व्हर बदलला असेल, तर हाच पुरावा सर्व्हरवर उलटू शकतो. ‘सातबारा तर लगेच उतरतो’ या म्हणण्यातही दम नाही. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळतो, पण तो इतका छोटा की त्यात असले दोष दिसतच नाहीत. कुरकुंभ किंवा रांजणगाव एमआयडीसीतल्या कारखान्याला यंत्राच्या सॉफ्टवेअरची दोन जीबीची फाइल लागली, की ते उघडे पडतात.

आधी पाहायचं ते फाइल नेमकी कुठे तुटते हे. रेंज जात असेल तर ती कधी दोनशे एमबीला थांबेल, कधी नऊशेला. दर वेळी एक जीबीच्या जरा पुढेच थांबत असेल, तर संशय नव्या मांडणीवर घ्यावा. या मांडणीत पुष्कळदा पुढे एनजिनएक्स आणि मागे जुना अपाची असे दोन वेब सर्व्हर असतात. एनजिनएक्स मागून फाइल भराभर ओढतो आणि ग्राहकाची लाइन मंद असली तर शिल्लक भाग तात्पुरत्या फाइलीत साठवतो. सेटिंग बदललं नसेल तर या साठ्याला १ जीबीची मर्यादा असते. साठा भरला की मागून घेणं बंद. दहा एमबीपीएसच्या लाइनवर तो रिकामा व्हायला चौदा मिनिटं लागतात, आणि अपाचीची वाट पाहण्याची मूळ मुदत ६० सेकंदांची! तो जोडणी तोडून मोकळा होतो. ग्राहकाला साठलेलं तेवढं मिळतं, पुढचं येतच नाही. पुण्याच्या वेगवान लाइनवर साठा तुंबत नाही, म्हणून तिथे सगळं आलबेल.

यावर कोणी म्हणेल, डाउनलोड मॅनेजर लावा, तुटलं तिथून पुढे चालू होईल. होईलही, पण सर्व्हरने फाइलचा मधलाच तुकडा द्यायची तयारी ठेवली असेल तर. लॉगिन तपासून फाइल देणारे अनेक प्रोग्राम ती ठेवत नाहीत आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. अपाचीची मुदत वाढवूनही निभतं, मात्र मग प्रत्येक मंद ग्राहकापायी तो अडकून पडतो. त्यापेक्षा लॉगिन मागे तपासावं आणि फाइल एनजिनएक्सनेच थेट द्यावी. शंका उरलीच, तर सर्व्हरच्या शेजारच्या यंत्रावर कर्ल या डाउनलोडच्या प्रोग्रामने वेग मुद्दाम कमी करून तीच फाइल उतरवावी. तिथेही ती एक जीबीपाशीच तुटली, तर दौंडच्या टॉवरचा संबंध संपला.