बारा नमुने आणि एक हरवलेला आकडा

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही मालिका ज्यांना कोरी पाहायची आहे, त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा. रहस्य न फोडता या विषयावर लिहिताच येत नाही. बारा वसाहतींवर सायलॉनांनी अणुहल्ला केला, त्यातून जेमतेम पन्नास हजार माणसं वाचली आणि ती जहाजांत बसून अवकाशात पळत सुटली, इथून गोष्ट सुरू होते. सायलॉन हे माणसानेच बनवलेले यंत्रमानव. मात्र त्यांतले बारा नमुने हुबेहूब माणसासारखे, आणि एकेका नमुन्याच्या असंख्य प्रती. ताफ्यातला कोण माणूस आणि कोण सायलॉन? आणि ही माणसासारखी यंत्रं मुळात आली कुठून? या दोन प्रश्नांनी २००४ ते २००९ अशी पाच वर्षं चाहत्यांची झोप उडवली होती.

१९७८च्या मूळ मालिकेत हा घोळ नव्हता. ग्लेन लार्सन यांचे सायलॉन म्हणजे चकचकीत धातूचे शिपाई, डोळ्यांच्या जागी इकडून तिकडे सरकणारा लाल दिवा. सरपटणाऱ्या प्राण्यांसारख्या एका परग्रहवासी जमातीने त्यांना घडवलं, एवढ्यावर तेव्हाच्या प्रेक्षकाचं समाधान झालं. रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आइक यांनी २००३मध्ये कथा नव्याने मांडताना ती जमात काढून टाकली आणि निर्मितीचं पाप माणसाच्या माथी मारलं. सायलॉनांना माणसाचं रूप देण्यामागे विचार होता, तसा हिशोबही होता. धातूचा पोशाख चढवलेला नट हास्यास्पद दिसणार, आणि प्रत्येक भागात संगणकावर यंत्रमानव उभे करायचे तर खर्च झेपणार नाही, हे मूर यांनीच सांगितलं आहे. तसं पाहिलं तर ही कल्पना नवी नव्हतीच. ‘रोबॉट’ हा शब्द ज्यातून जगभर गेला, त्या कारेल चापेक यांच्या १९२०च्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातले रोबॉटही धातूचे नव्हते. कारखान्यात कृत्रिम जीवद्रव्यातून बनवलेले, माणसासारखे दिसणारे मजूर होते ते. धातूचा डबा नंतर आला.

तर बारा नमुने. त्यांतले सात हळूहळू उघड झाले. उरलेल्या पाचांविषयी त्या सातांनाही बोलायला मनाई, इतकंच तिसऱ्या पर्वात कळलं, आणि मग तर्कांना ऊत आला. चाहत्यांनी कामही चोख केलं. पहिल्या पर्वात शास्त्रज्ञ गायस बाल्टार सायलॉन ओळखण्याची चाचणी तयार करतो. कर्नल टाय यांची बायको एलन हिची चाचणी होते, बाल्टार ती माणूस असल्याचं जाहीर करतो, आणि एकांतात खरं काय ते विचारल्यावर मिश्कीलपणे उत्तर टाळतो. हा प्रसंग चाहते वर्षानुवर्षं उगाळत बसले. दुसरा धागा लिओबेनचा. हा कैदी सायलॉन अध्यक्ष रोझलिनच्या कानात सांगतो, की सेनापती अॅडामाच सायलॉन आहे. खोटं बोलण्यात तरबेज असलेल्याच्या या वाक्यावर केवढे इमले उभे राहिले! तिसरा धागा डिआना या सायलॉनचा. मंदिरात तिला पाचांचे चेहरे दिसतात आणि त्यांतल्या एकाची ती क्षमा मागते. मग डिआनाने आजवर कोणाकोणाला छळलं याच्या याद्या तयार झाल्या. २००८मध्ये ‘एंटरटेनमेंट वीकली’ने लिओनार्दोच्या ‘अखेरच्या भोजना’च्या धर्तीवर मुख्य पात्रांचं एक छायाचित्र छापलं. तोवर चार नावं कळली होती, एक बाकी होतं. लोक चित्रातल्या रिकाम्या जागेकडे भिंग लावून पाहू लागले.

ती चार नावं २५ मार्च २००७ला, तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात फुटली. चार माणसांना जहाजाच्या भिंतींतून एकच गाणं ऐकू येतं, ती एका खोलीत जमतात आणि आपण कोण आहोत हे त्यांना उमगतं. टाय आणि ताफ्यातलेच टायरॉल, अँडर्स, टोरी. (टोरीचं काम करणारी रेखा शर्मा ही भारतीय वंशाची कॅनेडियन अभिनेत्री.) सर्वांत मोठा धक्का टायचा. सायलॉनांच्या कैदेत एक डोळा गमावलेला, त्यांचा कट्टर द्वेष्टा, अॅडामाचा तीस वर्षांचा दोस्त. चाहत्यांनी त्याला केव्हाच बाद केलं होतं, कारण यंत्र म्हातारं कसं होईल? पाचवी निघाली एलन, जानेवारी २००९मध्ये. तिला तर टायनेच आपल्या हाताने विष देऊन मारलं होतं.

आणि इथे एक गोष्ट उघडी पडली. सायलॉनांनी बेत आखला आहे असं मालिका सुरुवातीलाच बजावते, पण लेखकांच्या खिशात तसा बेत नव्हता. पाच कोण, हे तिसऱ्या पर्वाचं लेखन चालू असताना ठरलं. चाहते मात्र पहिल्या भागापासूनचा प्रत्येक संवाद पुरावा म्हणून धरत होते. लेखक पुढे चाललेत आणि प्रेक्षक मागून जमाखर्च तपासतोय, अशी ती गंमत. टायरॉल सायलॉन ठरताच प्रश्न आला: मग त्याचा मुलगा अर्धा सायलॉन झाला की! हेरा ही माणूस आणि सायलॉन यांचं एकमेव अपत्य, या गोष्टीवर तर सगळा डोलारा उभा. शेवटी टायरॉल त्या मुलाचा बाप नाहीच, बाप दुसरा एक वैमानिक, असं दाखवून लेखकांनी सुटका करून घेतली. मुलाची आई तोवर मेलेली होती. तिला कोण विचारणार?

याहून मजेदार ठिगळ आकड्यांचं. बारातून पाच गेले की सात उरतात, म्हणजे क्रमांक एक ते सात. पण शॅरन हा नमुना ‘आठ’ म्हणून आधीच जाहीर झालेला. मग सातवा कुठे? १३ फेब्रुवारी २००९च्या भागात उत्तर आलं: सातवा डॅनियल, कलावंत वृत्तीचा, हळवा, त्याचा हेवा वाटून पहिल्या क्रमांकाच्या कॅव्हिलने तो नमुनाच नासवला. लेखकांच्या लेखी विषय संपला. चाहत्यांच्या लेखी तिथून सुरू झाला. वैमानिक स्टारबक मरून परत आली होती, कशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोनच आठवड्यांनी तिचा बाप दिसला: पियानोवादक, घर सोडून गेलेला, आणि त्याने लहानपणी शिकवलेली धून म्हणजे पाचांना ऐकू आलेलं तेच गाणं. डॅनियल हाच तिचा बाप, हे गणित लोकांनी चुटकीसरशी सोडवलं. मूर यांना शेवटी सांगावं लागलं, की डॅनियल केवळ आकड्यांचा मेळ घालायला आणला होता. अखेरच्या भागात स्टारबक माळरानावर बोलता बोलता नाहीशी होते, स्पष्टीकरण शून्य. माझ्या मते चाहत्यांचं उत्तर सरस होतं.

मग माणसासारखे सायलॉन आले कुठून? कोबोल या आदिग्रहावरून निघालेली तेरावी टोळी स्वतःच सायलॉनांची होती. तिने पृथ्वी नावाच्या ग्रहावर वस्ती केली, पुढे स्वतःची यंत्रं बनवली, आणि त्या यंत्रांनी टोळीचा अणुयुद्धात नाश केला. पाच संशोधक वाचले. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास प्रवास करत, म्हणजे स्वतः फारसे म्हातारे न होता, ते दोन हजार वर्षांनी वसाहतींपाशी पोहोचले. तिथे माणसांचं आणि धातूच्या सायलॉनांचं युद्ध जुंपलेलं होतं. युद्ध थांबवा, तुम्हाला माणसाचं शरीर देतो, असा सौदा करून त्यांनी आठ नमुने घडवले. पहिला कॅव्हिल उलटला; त्याने पाचांची स्मृती पुसून त्यांना माणसांत सोडून दिलं.

शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र ऐकून चमकलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा चक्राकार खेळ परका वाटू नये. घडलेलंच पुन्हा घडतं, ही या मालिकेतली धर्मश्रद्धाच आहे. तक्रार आहे ती मांडणीबद्दल. दोन हजार वर्षांचा हा इतिहास बराचसा एकाच भागात, डोक्यात गोळी घुसलेल्या अँडर्सच्या तोंडून, धाप लागल्यासारखा सांगून टाकला आहे. ‘कोण’ या प्रश्नाचं उत्तर मालिकेने जिवाला लागेल असं दिलं. ‘कुठून’चं उत्तर मात्र परीक्षेची घंटा होता होता उरकलेल्या पेपरासारखं आहे.

इशारा देऊनही इथवर वाचलं असेल, तरी मालिका जरूर पाहा. सुरुवात २००३च्या लघुमालिकेपासून करा. धातूच्या सायलॉनांची जन्मकथा सांगणारी ‘कॅप्रिका’ घटनाक्रमात आधीची असली, तरी ती नंतरच घ्या.