भविष्य ऐकलं आणि घोटाळा झाला!

लग्नाची वरात निघाली आहे. नवरीच्या भावाचं तिच्यावर एवढं प्रेम, की सारथ्याला बाजूला सारून रथाचे लगाम त्यानं स्वतःच हातात घेतले आहेत. वाद्यांचा नुसता दणदणाट चालला आहे. आणि एकदम आकाशातून आवाज येतो, की जिला तू एवढ्या कौतुकानं सासरी पोचवतो आहेस, तिचाच आठवा मुलगा तुझा जीव घेणार आहे!

ओळखलंत ना? कंस, देवकी आणि वसुदेव. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पण दोस्तांनो, आज एक वेगळाच प्रश्न विचारतो. समजा, ही आकाशवाणी झालीच नसती तर? देवकी सुखानं नांदली असती. भाचरं सुट्टीत मामाच्या गावाला आली असती, मामाच्या खांद्यावर बसून मथुरा हिंडली असती. त्यातल्या आठव्यानं मामाच्या जिवावर का उठावं? (कंस मुळात सज्जन होता असं नाही, ते कबूल.) कारण कंसानंच पुरवलं. बहिणीला कोंडलं, तिची तान्ही बाळं मारली, आणि ज्याला घाबरत होता तोच वैरी स्वतःच्या हातानं तयार केला.

भागवतात एक बारीकशी गोष्ट आहे, ती आपण नेहमी विसरतो. वसुदेवानं शब्द पाळून पहिलं बाळ आणून दिलं, तेव्हा कंसानं ते चक्क परत केलं! भीती आठव्याची, पहिल्याशी माझं काय वैर, असं त्याला वाटलं. मग नारदमुनी आले आणि सगळं फिरलं. आमच्या लहानपणी कीर्तनकारबुवा हा भाग फार रंगवून सांगत. नारद आठ पाकळ्यांचं कमळ पुढं करतात आणि विचारतात, मोज बरं, यातली आठवी कुठली? कुठूनही मोजायला सुरुवात करा, कुठलीही पाकळी आठवी ठरते. झालं! कंसाच्या डोक्यात किडा शिरला.

पुराणांत आणि नाटकांत ही गंमत पुन्हा पुन्हा भेटते. भविष्य खरं ठरतं ते बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या धडपडीमुळंच. आपल्याकडंच असं आहे असं समजू नका. ग्रीस देशात सोफोक्लीज नावाच्या नाटककारानं सुमारे 2400 वर्षांपूर्वी ईडिपस राजाचं नाटक लिहिलं. पु. ल. देशपांडे यांनी ते 'राजा ओयदिपौस' या नावानं मराठीत आणलं.

थीब्ज नगरीच्या राजाला देववाणी होते, की तुझा मुलगा तुला ठार मारील. राजा काय करतो? मूल जन्मताच त्याचे घोटे टोचून बांधतो आणि डोंगरावर टाकून यायला एका धनगराच्या हाती देतो. धनगराला दया येते. तो ते बाळ दुसऱ्या राज्यातल्या धनगराला देऊन टाकतो आणि ते कॉरिंथच्या राजाराणीकडं वाढतं. पाय सुजलेला, म्हणून नाव ईडिपस. आपण दत्तक आहोत, हे राजाराणी त्याला सांगतच नाहीत.

मोठेपणी तो डेल्फीच्या देवळात जातो. तिथं तेच भविष्य : तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. बिचारा हादरतो. कॉरिंथला परत जायचंच नाही, म्हणजे आईबाप सुरक्षित, असं ठरवून तो उलट्या दिशेनं निघतो. तीन रस्ते मिळतात तिथं एका रथातल्या म्हाताऱ्याशी 'वाट सोड, तू आधी सोड' अशी बाचाबाची होते. रागाच्या भरात ईडिपस त्याला ठार करतो. तो म्हातारा कोण, हे आता सांगायला नकोच. पुढं थीब्जच्या लोकांना छळणाऱ्या स्फिंक्सचं कोडं सोडवून तो तिथला राजा होतो आणि विधवा राणीशी त्याचं लग्न होतं.

बापानं मूल टाकलं नसतं, तर मुलानं बापाला ओळखलं असतं. मुलगा कॉरिंथ सोडून पळाला नसता, तर त्या तिठ्यावर पोचलाच नसता. दोघंही पळाले, आणि पळता पळता एकमेकांवरच आदळले.

मग यात ईडिपसचा दोष किती? आईबाबांबरोबर यावर वाद घालून बघा, जेवण गार होईल पण वाद संपणार नाही. मला तो मोठा वाटतो तो नाटकाच्या शेवटाकडं. नगरात रोगराई पसरते. जुन्या राजाच्या खुन्याला शोधा, अशी देवाची आज्ञा होते. शोधता शोधता धागा आपल्याच दाराशी येतोय, हे ईडिपसला दिसू लागतं. राणी त्याला विनवते, बस कर, पुढं विचारू नकोस. तरी तो थांबत नाही. खरं काय ते कळलंच पाहिजे, हा त्याचा हट्ट.

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये मामला आणखी वेगळा. (शिरवाडकरांचं 'राजमुकुट' हे नाटक याच्यावरूनच आलं.) तीन चेटकिणी मॅकबेथला सांगतात, तू कॉडॉरचा सरदार होशील आणि पुढं राजा. लगेच दूत येतो आणि कॉडॉरची सरदारकी खरोखरच मिळते, बोटही न हलवता! मग राजपदासाठीही वाट बघायची ना. पण नाही. घरी मुक्कामाला आलेल्या राजाला मॅकबेथ झोपेत मारतो. खून कर असं चेटकिणी एका शब्दानंही म्हणालेल्या नव्हत्या. शेजारी उभ्या असलेल्या बँकोनंही भविष्य ऐकलंच होतं, की तुझे वंशज राजे होतील. त्यानं तलवार उपसली नाही. मला हा बँको फार आवडतो.

पुढं चेटकिणी मॅकबेथला धीर देतात. बर्नमचं जंगल चालत तुझ्या किल्ल्याकडं येत नाही तोवर तुला भय नाही, आणि बाईच्या पोटी जन्मलेला कुणी तुला इजा करू शकणार नाही. जंगल कधी चालतं का? पण शत्रूचे सैनिक झाडांच्या फांद्या तोडून त्यांच्या आडोशानं पुढं सरकतात आणि जंगल चालू लागतं! झकास युक्ती आहे. दुसरी पळवाट मात्र मला जराशी ओढूनताणून वाटते. मॅकडफला म्हणे आईचं पोट फाडून बाहेर काढलेलं होतं, म्हणून तो 'जन्मलेला' नाही.

शब्दात असंच पकडलं होतं आपल्या सावित्रीनंही, आणि तेही प्रत्यक्ष यमाला. तुला शंभर मुलगे होतील, असा वर यमानं देऊन टाकला. मग नवऱ्यावाचून ते होणार कसे, सांगा! पण तिचं खरं धाडस त्याच्या आधीचं आहे. सत्यवान वर्षभरच जगणार, हे लग्नाआधीच नारदानं सांगितलं होतं. ती पळाली नाही, की सत्यवानाला घरात कोंडून ठेवलं नाही. दिवस मोजत राहिली आणि ठरल्या दिवशी त्याच्याबरोबर रानात गेली.

हॅरी पॉटर वाचणाऱ्यांनी 2003 साली आलेला पाचवा भाग आठवावा. ते भविष्य हॅरीला लागू होतं तसंच नेव्हिललाही. व्होल्डेमॉर्टनं अर्धवटच ऐकलं आणि दोघांतला एक निवडून त्याच्या घरावर चाल केली. कंसमामाचाच धडा त्यानं पुन्हा गिरवला!

आता एक न छापलेली गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलाची पत्रिका पाहून ज्योतिषानं सांगितलं होतं, याला पाण्यापासून भय आहे. आम्ही सगळे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. तो काठावर बसून आमचे कपडे सांभाळायचा. नववीच्या सहलीत नदीकाठच्या शेवाळावरून त्याचा पाय घसरला. पाणी छातीभरच होतं. आमच्यातला दुसरा कुणी असता तर हसत उभा राहिला असता. तो घाबरून गटांगळ्या खाऊ लागला. दोघांनी केसाला धरून ओढला म्हणून वाचला. घरी सगळे म्हणाले, बघा, ज्योतिषी बोललाच होता! त्यानंतर त्याच्या सहलीही बंद झाल्या.

चाळिशी उलटल्यावर त्यानं पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. सत्तरीची आई टॉवेल घेऊन पायरीवर बसायची, कपाळाला अंगारा लावल्याशिवाय त्याला पाण्यात उतरू द्यायची नाही. एकदा तिला बरं नव्हतं, म्हणून ती घरीच राहिली. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा तलाव या काठापासून त्या काठापर्यंत पार केला. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती घाबरून म्हणाली, "अरे, मग परत कसा आलास?"

"पोहतच," तो म्हणाला.