ॲप कुणाच्या नावावर?

समजा, साताऱ्यात आपली दूध डेअरी आहे. रोज पहाटे दोन-तीनशे घरी रतीब जातो, हिशेब वहीत असतो आणि ‘उद्या दूध नको’चे निरोप व्हॉट्सॲपवर येतात. आता ॲप करून घ्यावं असं मनात आलं. चौकशी केली तर एक जण चाळीस हजार सांगतो, दुसरा चार लाख. दोघंही खोटं बोलत नसतात. आपण नीट सांगितलेलंच नसतं, म्हणून प्रत्येकाने आपापल्या मनातल्या ॲपची किंमत सांगितलेली असते.

तेव्हा कंपनी शोधण्याआधी दोन पानं लिहून काढा. गिऱ्हाईक ॲपमध्ये काय करणार, दूध टाकणारा मुलगा काय करणार आणि आपण दुकानात बसून काय पाहणार, हे तिघांचं वेगवेगळं लिहा. मग अडचणीचे प्रसंग लिहा. टेम्पो पहाटे चारला निघतो, तर ‘उद्या नको’ रात्री कितीपर्यंत चालेल? त्यानंतर आलेल्या निरोपाचं काय? महिन्याच्या मध्येच दर दोन रुपयांनी वाढला तर बिल कसं निघणार? गावाला गेलेलं गिऱ्हाईक दोन दिवस आधीच परतलं तर? खरा खर्च अशाच ठिकाणी होतो. रंग आणि चित्रं त्या मानाने स्वस्तात होतात.

लिहिता लिहिता कधी असंही ध्यानात येतं की ॲपची गरजच नाही. पन्नासएक घरांचा रतीब असेल तर व्हॉट्सॲप बिझनेस आणि एक्सेलची शीट भागवून नेते. तसं वाटलं तर इथेच थांबा.

गरज पक्की असेल तर ही दोन पानं तीन-चार ठिकाणी द्या. एकटा फ्रीलान्सर स्वस्त पडतो, पण तो नोकरीला लागला की काम लटकतं. बड्या कंपनीला आपलं काम किरकोळ वाटतं आणि ते सगळ्यांत नवख्या मुलाकडे जातं. लहान धंद्याला पाच-दहा माणसांची, प्रत्यक्ष जाऊन भेटता येईल अशी कंपनी बरी, असं माझं मत. पानं वाचून जी उलट प्रश्न विचारते तिला यादीत वर घ्या. ‘होऊन जाईल सर’ एवढंच म्हणणाऱ्याने ती बहुधा वाचलेली नसतात.

आता पडताळणी. कंपनीची नोंदणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की तो चालू आहे की रद्द झालाय ते कळतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण फार थोडे जण करतात.

कंपनी दाखवते ते स्क्रीनशॉट बाजूला ठेवा आणि तिने केलेली ॲप्स स्वतःच्या फोनवर उतरवून वापरा. प्ले स्टोअरवर ॲपच्या माहितीत शेवटच्या अपडेटची तारीख असते. दोन-तीन वर्षं हात न लागलेलं ॲप दिसलं तर कारण विचारा. आणखी एक गोष्ट जरूर पाहा. ॲपच्या नावाखाली प्रकाशकाचं नाव येतं. तिथे त्या त्या दुकानाचं, क्लासचं, डेअरीचं नाव असेल तर उत्तम. सगळ्या ॲप्सखाली बनवणाऱ्या कंपनीचंच नाव असेल, तर ती ॲप्स तिच्या खात्यात आहेत आणि उद्या आपलंही तिथेच जाईल.

कोटेशनमध्ये काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते शोधा. बॅकएंड, म्हणजे गिऱ्हाइकाला न दिसणारा, सर्व्हरवर चालणारा भाग, त्यात धरलाय का? ॲडमिन पॅनल, म्हणजे आपण दर आणि बिलं जिथून बदलणार तो पडदा? सर्व्हरचं भाडं, ओटीपीच्या एसएमएसचा खर्च, वर १८ टक्के जीएसटी? ॲन्ड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी दर आहे की एकासाठी? फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह ही ॲप बनवण्याची साधनं वापरली तर बहुतेक कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला ॲपचा मूळ मजकूर, दोन्हीकडे एकच चालतो, त्यामुळे दुप्पट किंमत सांगितली तर का ते विचारा. रतीबवाल्याने आधी ॲन्ड्रॉइडच करावं, हे उत्तम.

मग करार. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो की पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. बाहेरच्या कंपनीने लिहिलेला कोड मात्र तिचाच राहतो, जोवर ती लेखी आणि सहीनिशी तो हक्क आपल्याला देत नाही. त्या लेखात मुदत घातली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिला असं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. म्हणून ‘कोडचे सर्व हक्क, कायमचे, जगभरासाठी’ असं स्वच्छ वाक्य करारात हवंच. वकिलाला एकदा दाखवा. त्याची फी इथे वसूल होते.

करारासोबत खाती आपल्या नावाने, आपल्या ईमेलवर उघडा. गूगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दरवर्षी ९९ डॉलर. डोमेन, सर्व्हर, पेमेंट गेटवे, कोड साठवण्याची जागा, सगळं आपल्या नावावर. ओटीपी पाठवायला ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानुसार डीएलटी, म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्याची, नोंदणी लागते, तीही डेअरीच्या नावानेच करा. ‘तुम्ही कशाला त्रास घेता, आमच्याच खात्यावर टाकतो’ हे प्रेमाने म्हटलं जातं. तितक्याच प्रेमाने नाही म्हणा. कंपनीच्या माणसाला आपल्या खात्यात परवानगी देता येते आणि काम झालं की काढूनही घेता येते.

वेळापत्रकात एक मेख आहे. गूगल प्लेवर नव्याने उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या नावाच्या खात्याला ही अट नाही, पण डन्स क्रमांक, म्हणजे व्यवसायाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आधी मिळवावा लागतो. पाडव्याला उद्घाटन ठरवून पत्रिका छापल्या आणि खातंच तयार नाही, असं होऊ देऊ नका.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. अर्धी रक्कम आगाऊ मागणारे पुष्कळ भेटतात. पाव द्या, पुढचे हप्ते फोनवर चालवून दाखवलेल्या कामाला जोडा. मध्येच ‘एवढं एक वाढवा’ म्हणाल तर त्याचा दर आणि दिवस लेखी घ्या. यात गिऱ्हाइकाचीही चूक असते, रोज नवं सुचतं.

चाचणी कंपनीच्या वातानुकूलित खोलीत करू नका. दूध टाकणाऱ्या मुलाचा जुना फोन घ्या, रेंज नसलेल्या जिन्यात उभे राहा आणि नोंद करून पाहा. रेंज आल्यावर ती नोंद एकदाच गेली की दोनदा, ते तपासा. मराठी मजकुरात जोडाक्षरं तुटतात का, लांब आडनावं पडद्याबाहेर जातात का, तेही बघा.

ॲप आलं म्हणजे खर्च संपला असं नाही. ॲप किमान कोणत्या ॲन्ड्रॉइड आवृत्तीला धरून बनवलेलं असावं, ही अट गूगल दरवर्षी पुढे सरकवतं. त्याप्रमाणे बदल केले नाहीत तर नव्या फोनवरच्या नव्या गिऱ्हाइकांना ॲप सापडेनासं होतं. म्हणून वार्षिक देखभालीचा, म्हणजे एएमसीचा दर आधीच ठरवा आणि त्यात हे काम लिहून घ्या. गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर सांभाळण्याची जबाबदारीही २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपल्यावरच येते, कंपनीकडे बोट दाखवून ती सुटत नाही.

शेवटचा हप्ता हातचा राखून ठेवा. तो देण्याआधी कोड दुसऱ्या एखाद्या जाणकार डेव्हलपरला द्या आणि त्याच्या संगणकावर त्यातून ॲप तयार करून आपल्या फोनवर चालवायला सांगा. चाललं तर चेक द्या, नाही चाललं तर कोड अजून पूर्ण मिळालेला नाही.