कमी दिवसांचं बाळ उशिरा बोलतंय? आधी वय नीट मोजा, पण कानाची तपासणी लांबवू नका

सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं, काही दिवस पेटीत ठेवलेलं बाळ वर्षाचं होतं आणि घरात तुलना सुरू होते. शेजारचं पोर 'आई', 'बाबा' म्हणतंय, आपलं का नाही?

इथे पहिली गल्लत वयाची होते. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेल्या बाळाचं बोलणं, बसणं, चालणं पाहताना डॉक्टर जेवढे दिवस कमी पडले तेवढे वजा करतात. समजा, दवाखान्याने १० मार्च तारीख दिली होती आणि बाळ १० जानेवारीलाच आलं. पुढच्या १० जानेवारीला वाढदिवस करा, पण बोलण्याच्या हिशोबात ते दहाच महिन्यांचं आहे. साधारण दोन वर्षांपर्यंत हा हिशोब चालतो. लसीकरण मात्र जन्मतारखेनुसारच करायचं, तिथे काही वजा करायचं नाही.

असं वय धरूनही दहाव्या महिन्यापर्यंत 'बाबाबा-दादादा' नाही, वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर बघत नाही, दीड वर्षात एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांत 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही, तर थांबू नये. आधी येणारे आवाज बंद झाले तर लगेच दाखवावं. 'ह्याचा बापही उशिराच बोलला' म्हणत वर्ष घालवणं हेच जास्त नडतं. वेखंड उगाळून जिभेला लावल्याने ऐकू येत नाही.

कारण बऱ्याचदा प्रश्न जिभेचा नसून कानाचा असतो. जास्त वाढलेली कावीळ, बरेच दिवस श्वासाचं मशीन, जंतुसंसर्गावरची काही इंजेक्शनं यामुळे अशा बाळांना ऐकू कमी येण्याचा धोका जास्त. ताट वाजवल्यावर दचकलं म्हणजे कान चांगले, असंही नाही. मोठा आवाज ऐकू येतो, पण 'स', 'फ' सारखे बारीक आवाज निसटतात. मग बोलणं शिकणार कशावरून? अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळाची 'बेरा' तपासणी करून घ्यावी. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून ती होते, दुखत नाही. दोष असेल तर तो तीन महिन्यांच्या आत कळावा आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असं तज्ज्ञ सांगतात. या तपासणीसाठी बाळ बोलायची वाट बघायची नसते.

घरी करण्यासारखंही आहे. अंघोळ घालताना, भरवताना तोंडासमोर तोंड आणून बोलावं. बाळाने 'ऊं' केलं की आपणही 'ऊं' करावं आणि त्याच्या उत्तरासाठी थोडं थांबावं. मोबाईलवरची गाणी उत्तर देत नाहीत, त्यामुळे त्यांचा इथे उपयोग नाही.

शंका असेल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे तपासणीला येतं आणि गरज असल्यास पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतं, तेही मोफत. जाताना दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावं. किती आठवड्यांत जन्म झाला आणि कोणती औषधं दिली, हे डॉक्टर आधी त्यावरच बघतात.