नाताळची कथा आणि भरताची भक्ति

डिसेंबर महिन्याच्या अखेरीस वर्धा जिल्ह्यांत थंडी चांगलीच जाणवूं लागते. कापसाची वेचणी चालू असते, तुरीच्या शेंगा भरत असतात, आणि निजण्यापूर्वीं शेतकरी कंदील घेऊन गोठ्यांत जातो, गव्हाणींत कडबा टाकतो व जनावरांवर एकदां नजर फिरवून परततो. गव्हाण म्हणजे काय, हें येथील माणसास समजावून सांगावें लागत नाहीं. ख्रिस्ताच्या जन्माची कथा जिच्याभोंवतीं फिरते ती वस्तु हीच.

कथा लहान आहे. रोमन बादशहा ऑगस्टस यानें खानेसुमारीचा हुकूम काढला. त्यासाठीं योसेफ नाझरेथाहून आपल्या पूर्वजांच्या गांवीं, बेथलेहेमास, गेला. त्याची वाग्दत्त वधू मरिया बरोबर होती व तिचे दिवस भरले होते. उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं. मूल जन्मास आलें, तें तिनें बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणींत निजविलें. ही हकीकत लूक सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानांत पूर्वेकडील ज्ञानी पुरुष, त्यांस वाट दाखविणारा तारा, त्यांनीं आणलेलें सोनें, ऊद व गंधरस, आणि हेरोद राजाला वाटलेलें भय यांचें वर्णन आहे. मार्क जन्मकथा सांगतच नाहीं. योहान गोठा व तारा सोडून एकदम तत्त्वाकडे वळतो. आरंभीं देवाजवळ असलेला शब्द देहधारी झाला, एवढेंच त्याचें सांगणें आहे.

या कथेंत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हिचा नायक कांहींच करीत नाहीं व कांहींच बोलत नाहीं, कारण तें तान्हें मूल आहे. जें कांहीं करावयाचें तें भोंवतालच्या माणसांनीं करावयाचें असतें. त्यामुळें ही कथा केवळ ऐकून भागत नाहीं. ऐकणारास ती आपोआप विचारते कीं, या माणसांपैकीं तूं कोण?

मेंढपाळ रात्रीं कळप राखीत होते. वार्ता कळतांच ते तडक निघाले, त्यांनीं बालक पाहिलें, आणि पाहिलेलें सर्वांना सांगत ते परतले. ज्ञानी पुरुष दूरचा प्रवास करून आले, त्यांनीं दंडवत घातलें व जवळचें उत्तम तें पुढें ठेविलें. मरियेनें मात्र सर्व गोष्टी मनांत सांठविल्या व त्यांचें चिंतन केलें. चौथा प्रकार यरुशलेमांतील शास्त्र्यांचा. ख्रिस्ताचा जन्म कोठें व्हावयाचा, असें हेरोदानें विचारतांच त्यांनीं ग्रंथाधारें अचूक उत्तर दिलें. पण त्यांच्यापैकीं कोणी बेथलेहेमास गेल्याचें मत्तय सांगत नाहीं. वर्ध्याहून पवनार जितकें दूर, जवळजवळ तितकेंच यरुशलेमाहून बेथलेहेम. माहिती बरोबर असणें आणि भक्ति असणें यांमध्यें असें तीन कोसांचें अंतर राहूं शकतें.

ख्रिस्ती समाजानें या कथेस जें उत्तर दिलें तें नाताळच्या उपासनेंत दिसतें. जन्माची तारीख शुभवर्तमानांत दिलेली नाहीं. पंचवीस डिसेंबर पाळल्याचा सर्वांत जुना आधार रोम येथील असून तो चौथ्या शतकांतील आहे. इटलींतील ग्रेचो गांवीं संत फ्रान्सिस यानें १२२३ मध्यें खरी गव्हाण मांडून व बैल आणि गाढव आणून लोकांस जन्माचा देखावा दाखविला. आज ख्रिस्ती घरोघर मांडल्या जाणाऱ्या देखाव्यांस त्यामुळेंच मोठें चालन मिळालें. मराठींतील ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला; त्याचा मूळ अर्थच जन्म असा आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें मराठी ओवींत रचिलेलें ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकांत राशोल येथें १६१६ मध्यें छापलें गेलें. मराठी माणसाला ही कथा आपल्याच छंदांत, पुराण ऐकावें तशी, तेव्हांपासून ऐकतां येऊं लागली.

तिला मराठी माणसानें दिलेलें एक उत्तर सर्वांस ठाऊक आहे. नारायण वामन टिळक यांस नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडीच्या डब्यांत एका युरोपियन गृहस्थानें ‘नवा करार’ दिला. तो वाचतां वाचतां ते येशूकडे ओढले गेले व १८९५ मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाची किंमत त्यांना व त्यांच्या कुटुंबाला मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुढें १९०० मध्यें स्वतःच्या विचारानें त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळकांनीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य १९१९ मध्यें त्यांच्या निधनानें अपुरें राहिलें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. मेंढपाळांप्रमाणें उठून चालूं लागण्याचा हा मार्ग होय.

दुसरें उत्तर समजण्यासाठीं पवनारास यावें लागतें. १९३८ मध्यें विनोबा भावे अगदीं क्षीण प्रकृतीनें येथें आले. हवापालटासाठीं थंड हवेच्या ठिकाणीं जाण्याऐवजीं त्यांनीं धाम नदीपलीकडील हें टेकाड पसंत केलें. येतांना पुलावरच त्यांनीं मनांतील सर्व कार्यांच्या चिंतेचा त्याग केला. नदीच्या नांवावरून या स्थानास त्यांनीं ‘परंधाम’ असें सूचक नांव दिलें. पुढें आश्रमाची जमीन खणतांना एक प्राचीन शिल्प निघालें. तें राम व भरत यांच्या भेटीचें आहे असें विनोबांनीं मानलें, आणि त्याची तेथेंच स्थापना झाली.

या शिल्पाचें त्यांना विशेष अप्रूप वाटण्यास कारण होतें. १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं व तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं. बाराव्या अध्यायावर बोलतांना सगुण व निर्गुण भक्तीचीं उदाहरणें म्हणून त्यांनीं लक्ष्मण व भरत हे दोघे भाऊ घेतले. लक्ष्मणाला रामाचा सहवास हवा; सेवा करावयाची ती जवळ राहून. भरताच्या वांट्यास वियोग आला. त्यानें पादुका आणल्या, नंदिग्रामीं राहिला, आणि राम डोळ्यांसमोर नसतां रामाचेंच काम चौदा वर्षें केलें. दोघांची निष्ठा एकच, तिची रीत मात्र निराळी.

नाताळच्या कथेला ही दृष्टि लावली म्हणजे तिचा पुढचा भाग उलगडतो. गव्हाणींतील बालक हें सगुणाचें अगदीं जवळचें रूप आहे. तें हातांत घेतां येतें. परंतु तें दर्शन मेंढपाळांना एका रात्रीपुरतेंच घडलें. सकाळीं कळप होताच. ज्ञानी पुरुषही दुसऱ्या वाटेनें आपल्या देशास परतले. शुभवर्तमानांत त्यांची पुन्हा गांठ पडत नाहीं. म्हणजे लक्ष्मण होऊन आलेल्या प्रत्येकाला भरत होऊन परत जावें लागलें. दर्शन एका रात्रीचें, आणि उरलेलें आयुष्य पादुकांचें. ज्यांनीं तें बालक कधींच पाहिलें नाहीं, त्यांना तर आरंभापासून भरताचीच भक्ति करावयाची असते.

विनोबांनीं धर्म बदलला नाहीं. पण येशूला परका मानलें नाहीं. नव्या करारांतील वचनांची निवड करून त्यांनीं ‘ख्रिस्तधर्मसार’ सिद्ध केलें. त्यांच्या सर्वधर्म-नाममालेंत येशूच्या पित्याचें नांव राम, कृष्ण व रहीम यांच्या पंक्तीस आहे. वर्ध्याजवळच सेवाग्रामीं असाच भाव दिसे. १९४२ मध्यें तेथें राहून गेलेले अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, गांधीजींच्या झोंपडीच्या मातीच्या भिंतीवर येशूचें एकच चित्र होतें.

१९७४ च्या पंचवीस डिसेंबरास नाताळ व गीताजयंती एकाच दिवशीं आल्या. त्या दिवशीं विनोबांनीं पवनार येथें एक वर्षाचें मौन घेतलें व तें १९७५ च्या नाताळपर्यंत पाळलें. मरियेनें सारें मनांत सांठविलें, त्याची आठवण या मौनानें होते. परंतु त्याच वर्षीं जूनमध्यें देशांत आणीबाणी आली, आणि अशा वेळीं थोरांनीं गप्प राहावें काय, अशी टीका झाली. ती टीका सोडून देण्यासारखी नव्हे. जन्मकथेंतही मरियेच्या मौनाशेजारीं मेंढपाळांचें बोलणें आहे, आणि हेरोदाचा जुलूमही आहे. उपासनेला दोन्ही लागतात. कोणत्या वेळीं कोणतें, हा निर्णय सोपा नसतो.

आणखी एक भेद स्पष्ट करणें प्रामाणिकपणाचें होईल. श्रद्धावान ख्रिस्ती मनुष्यास तें बालक म्हणजे अनेक विभूतींपैकीं एक नव्हे. तें एकमेव देहधारी परमेश्वर आहे. नाममालेंत एक मणि म्हणून त्याला गुंफणें हें त्याच्या दृष्टीनें आदराचें असलें, तरी पुरेसें नाहीं. टिळकांचें उत्तर व विनोबांचें उत्तर एकच आहे असें म्हणणें हा दोघांवरही अन्याय होईल. एकाला घर सोडून जाण्याइतका तो जवळचा वाटला. दुसऱ्यानें आपल्याच घरीं राहून त्याला मान दिला.

तरी दोघांनाही एकाच कसोटीला उतरावें लागतें, आणि ती मत्तयानेंच पंचविसाव्या अध्यायांत सांगितली आहे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा व रोग्याला भेट, हें जो अगदीं लहानांतल्या लहानासाठीं करतो तो तें ख्रिस्तासाठींच करतो, असा तिचा आशय आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ मध्यें महारोग्यांच्या सेवेचें काम सुरू केलें. ज्यांना गांवाबाहेर घालविलें जाई, त्यांना तेथें आसरा, औषध व हाताला काम मिळालें. उतारशाळेंत ज्याला जागा नाहीं त्याला जागा करून देणें याहून या कथेचें सरळ पूजन दुसरें कोणतें?

म्हणून नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती शेजाऱ्याच्या दारावर कागदी तारा दिसला, तर त्या घरीं जावें, देखावा पहावा, कथा आदरानें ऐकावी व प्रसन्नपणें फराळ घ्यावा. एवढें लक्ष्मणाचें झालें. मग घरीं परततांना आपल्या गांवांत कोणाला जागा मिळालेली नाहीं, याचा शोध घ्यावा. तेथून भरताचें काम सुरू होतें, आणि त्याला पंचांगांतला कोणताही दिवस चालतो.