विचारून दिलेला हुकूम

कॅफेतल्या लांब टेबलाभोवती दहा-बारा माणसे बसलेली असतात. कपडे नेहमीचे, विषय नोकरी, घरभाडे, आईची गुडघेदुखी. एकाने सत्ता हाती घ्यायची आणि दुसऱ्याने ती राजीखुशीने सोपवायची, अशा नात्यांत जगणारी ही मंडळी आहेत, याचा शेजारच्या टेबलाला पत्ताही लागत नाही. सत्ता घेणारा तो ‘डॉमिनंट’, सोपवणारा तो ‘सबमिसिव्ह’. आलटूनपालटून दोन्ही भूमिका करणारा ‘स्विच’. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत अशा भेटी आता नित्याच्या झाल्या आहेत.

इथे नवख्याच्या कानावर लवकरच एक नियम पडतो : कुणालाही हुकूम सोडायचा नाही. ‘तू सबमिसिव्ह ना, मग माझी कॉफी घेऊन ये,’ असे कुणी एखाद्या अनोळखी बाईला म्हणाला, तर त्याला बाजूला घेऊन समज दिली जाते. तिने आज्ञा पाळायचे ठरवले असेलही, पण ती एका ठरावीक माणसाची, ठरलेल्या मर्यादेत. बाकीच्यांसाठी ती इतरांसारखीच एक पाहुणी. डॉमिनंट बाईलाही ओळखपाळख नसताना ‘मालकीणबाई’ म्हणत पायाशी येणारा माणूस तितकाच आगाऊ ठरतो, कारण तिने ते पद त्याच्यासाठी स्वीकारलेलेच नसते.

बाहेरच्यांच्या मनातले चित्र नेमके याच्या उलट असते. ते बरेचसे ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ या २०११च्या कादंबरीने रंगवले. २०१५मध्ये आलेल्या चित्रपटाला आपल्याकडे सेन्सॉरने परवानगी नाकारली, पुस्तक मात्र विमानतळापासून रेल्वे स्टेशनापर्यंत खपत राहिले. श्रीमंत, अनुभवी पुरुष आणि कोवळी, अननुभवी मुलगी ही त्यातली जोडी. या जीवनशैलीतल्या अनेकांनी पुस्तकावर टीका केली, ती त्यातल्या दोऱ्या-चाबकांवर नव्हे. तो न बोलावता तिच्या मागे येतो, तिच्या नकाराला धूप घालत नाही, तिच्यावर दबाव आणतो, यावर त्यांचा आक्षेप होता.

मान कुणाला, कशाचा

आपल्या ओळखीच्या उतरंडीत मान खालून वर जातो. सून सासूला, शिपाई साहेबाला, विद्यार्थी गुरुजींना मान देतो. वरच्याने खालच्याला मान दिलाच, तर तो मनाचा मोठेपणा. या नात्यांत हिशेब वेगळा आहे. जो स्वतःला दुसऱ्याच्या हाती देतो, तो जास्त जोखीम घेतो. म्हणून पहिला मान त्याचा.

हा मान नुसता शब्दांत राहू नये म्हणून कार्यपद्धती आहे. आधी बसून बोलायचे : काय चालेल, काय अजिबात चालणार नाही, जुने दुखणे कोणते, कोणत्या आठवणीला हात लावायचा नाही. मग ‘सेफवर्ड’ ठरवायचा, म्हणजे उच्चारताक्षणी सगळे थांबेल असा शब्द. बऱ्याच ठिकाणी सिग्नलचे रंग वापरतात : हिरवा म्हणजे चालू द्या, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे बंद. सगळे संपल्यावर ‘आफ्टरकेअर’, म्हणजे पाणी, पांघरूण, जवळ बसणे, दुसऱ्या दिवशी विचारपूस. लाल म्हटल्यावर कुरकुर न करता थांबतो तो डॉमिनंट विश्वासाचा. न थांबणाऱ्याचे नाव कानोकानी पसरते, निदान पसरावे अशी अपेक्षा असते.

काही जोडपी मात्र एखाद्या संध्याकाळपुरती नव्हे, तर रोजच्या संसारात हे पाळतात. कपडे कोणते घालायचे, पैसे कसे खर्चायचे, रात्री किती वाजता झोपायचे, हे एक जण ठरवतो. काहींच्या गळ्यात त्या नात्याची खूण म्हणून पट्टा किंवा साधी साखळी असते. लेखी करारही होतात. कोणतेही न्यायालय ते बजावून देणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. ठरावीक काळाने तो पुन्हा वाचायचा, बदलायचा किंवा फाडायचा, यातच त्याचा उपयोग. जिथे असा फेरविचार बंद पडतो आणि पैसे, मित्र, माहेर हळूहळू तुटत जाते, तिथे खेळ संपून छळ सुरू झालेला असतो.

अशा कराराचा एक गाजलेला नमुना १८६९चा आहे. ऑस्ट्रियन लेखक लिओपोल्ड फॉन झाखर-माझोख याने फॅनी पिस्टर या बाईशी सहा महिन्यांचा करार केला : तो तिचा गुलाम, ती त्याची मालकीण. या गुलामाने लेखनासाठी रोजचे सहा तास मात्र स्वतःकडे राखून ठेवले होते! पुढे त्याची बायको झालेल्या ऑरोरा र्‍युमेलिनने त्याच्याच कादंबरीतल्या नायिकेचे नाव घेतले, वांडा. १९०६मध्ये तिने आत्मकथन छापले. नवऱ्याच्या हट्टापायी आपल्याला ही मालकिणीची भूमिका कशी ओढावी लागली, याची तक्रार तिने त्यात मांडली. चाबूक तिच्या हातात होता, पण तो उचलायचा की नाही हे तिला ठरवता येत नव्हते. बाई वरच्या जागी बसली म्हणजे सत्ता तिची झाली असे नाही, हे या संसारातून दिसते.

लिंग ठरवणारे नसेल तर

आजची शिस्त बरीचशी समलिंगी पुरुषांच्या ‘लेदर’ मंडळांतून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत चामडी जाकिटे घालणाऱ्या मोटारसायकलस्वारांचे क्लब निघाले. लॉस एंजेलिसचा ‘सॅटर्स’ १९५४चा. दोघेही पुरुष असताना हुकूम कुणी द्यायचा हे लिंगावरून ठरणे शक्यच नव्हते, ते बोलूनच ठरवावे लागे. १९७१मध्ये न्यूयॉर्कला ‘युलेनश्पीगल सोसायटी’ आणि १९७४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘सोसायटी ऑफ जेनस’ सुरू झाली. जेनसच्या संस्थापकांत सिंथिया स्लेटर ही स्त्री होती. न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांच्या ‘जीएमएसएमए’ या संस्थेतल्या डेव्हिड स्टाइनने १९८३मध्ये ‘सुरक्षित, समंजस आणि संमतीने’ ही त्रिसूत्री मांडली. ती आजही अनेक संस्थांच्या नियमावलीत सापडते.

स्त्रीवादी चळवळीला मात्र हे पटण्यासारखे नव्हते. १९७८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘सॅमॉइस’ हा लेस्बियन स्त्रियांचा गट स्थापन झाला. गेल रुबिन ही मानववंशशास्त्रज्ञ त्यात होती. आम्ही स्त्रीवादीही आहोत आणि सत्तेचा हा खेळही आमचा आहे, असे या स्त्रिया म्हणत. २४ एप्रिल १९८२ रोजी न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात स्त्री-लैंगिकतेवर परिषद भरली, तेव्हा विरोधक निषेधाचे टी-शर्ट घालून दारात उभ्या राहिल्या. कॉलेजने तर परिषदेची पुस्तिकाच जप्त केली. विरोधकांचा मुद्दा असा, की पुरुषसत्तेत वाढलेल्या बाईची ‘राजीखुशी’ ही त्या सत्तेनेच घडवलेली असते, मग तिला स्वातंत्र्य कसे म्हणायचे? दुसऱ्या बाजूचे उत्तर होते, की बाईच्या प्रत्येक इच्छेवर आपण संशय घेऊ लागलो, तर तिच्यासाठी निर्णय घेणारा आणखी एक पालक तेवढा तयार होईल.

हा वाद मिटलेला नाही, आणि आकडे तो मिटवूही देत नाहीत. विस्मेयर आणि व्हॅन ॲसेन या संशोधकांनी नेदरलँड्समध्ये केलेली पाहणी २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. या जीवनशैलीतले ९०२ जण आणि तुलनेसाठी इतर ४३४ जण त्यात होते. मानसिक स्वास्थ्याच्या बऱ्याच कसोट्यांवर पहिला गट इतरांपेक्षा खाली नव्हता, काहींवर वरच होता. भूमिकांची वाटणी मात्र डोळ्यांत भरते. पुरुषांपैकी सुमारे निम्मे डॉमिनंट आणि एक तृतीयांश सबमिसिव्ह होते. स्त्रियांपैकी मात्र सुमारे तीन चतुर्थांश सबमिसिव्ह होत्या.

हा कल निसर्गाचा म्हणायचा की संगोपनाचा, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. पण ‘इथे भूमिकेचा लिंगाशी काही संबंध नाही’ हे वाक्य पुरते खरे नाही, एवढे नक्की दिसते. एक तृतीयांश पुरुष सबमिसिव्ह असूनही चारचौघांत ते कबूल करणे त्यांना जड जाते, कारण ‘बायकोच्या ताटाखालचे मांजर’ हा शिक्का समाजाने तयारच ठेवलेला असतो. डॉमिनंट बाईची अडचण निराळी. तिने काय घालावे, कसे बोलावे, कधी रागवावे याची यादी पुरुषच घेऊन येतात. वांडाचे दुखणे १९०६मध्ये संपले नाही.

काही गट तर लिंगावरूनच भूमिका ठरवतात. जॉन नॉर्मन या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकन तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची ‘गोर’ ही कादंबरीमालिका १९६६पासून निघाली. स्त्री स्वभावतःच दास्यासाठी असते, असा तिचा सूर आहे. त्यावर आयुष्य बेतणारे पंथीय आजही आहेत. इतर अनेक जण त्यांच्यापासून अंतर राखतात. प्रौढ जोडप्याने घरात काय मानावे हा त्यांचा प्रश्न, पण ‘सगळ्या बायका अशाच असतात’ असे म्हटले की समोरच्या एकीला विचारण्याची गरजच संपते. आणि विचारण्याखेरीज या नात्याला दुसरा आधार नाही.

कायद्याच्या नजरेत

१९८७मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या हाती एक चित्रफीत लागली. तपास वाढत गेला आणि प्रौढ, राजीखुशीने एकत्र आलेल्या समलिंगी पुरुषांवर एकमेकांना इजा केल्याचा खटला भरला गेला. त्यांच्यापैकी कुणीही तक्रार केलेली नव्हती. ११ मार्च १९९३ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी शिक्षा कायम ठेवली : अशा इजेला संमती हा बचाव नाही. तीनच वर्षांनी, १९९६मध्ये, अपील न्यायालयापुढे विल्सन नावाचा नवरा आला. बायकोच्या सांगण्यावरून त्याने तापलेल्या सुरीने तिच्या अंगावर आपली आद्याक्षरे उमटवली होती. न्यायालयाने ते गोंदणासारखे मानले, नवरा-बायकोच्या खासगी घरात फौजदारी कायद्याने शिरू नये असे म्हटले आणि त्याला सोडले. भाजणे कायद्याला चालले, ते विवाहित पुरुषाच्या हातून.

या संमतीच्या युक्तिवादाला दुसरी, काळी बाजूही आहे. ब्रिटनमध्ये बायकांना मारहाण करणारे, प्रसंगी जीव घेणारे पुरुष ‘तिलाच असे आवडत होते’ असे कोर्टात सांगू लागले. ज्या बाईच्या नावावर हे खपवले जाई, ती कित्येकदा उत्तर द्यायला जिवंतही नसे. २०२१च्या घरगुती अत्याचारविरोधी कायद्याने तो बचाव गंभीर इजेच्या बाबतीत स्पष्टपणे बंद केला. वैद्यकशास्त्राने मात्र उलट दिशेने एक पाऊल टाकले. २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगसूचीत संमतीने होणारे असे वर्तन विकृती म्हणून उरलेले नाही. समोरच्याच्या संमतीविना छळ करण्याची ओढ मात्र सूचीत कायम आहे. सीमारेषा वेदनेपाशी नाही, होकारापाशी आहे, असाच त्याचा अर्थ.

आपल्या घरातली आज्ञा

भारतातही अशी माणसे आहेत. ‘द किंकी कलेक्टिव्ह’ हा गट काही वर्षांपासून संमतीविषयी जागृतीचे काम करतो. पण मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही, कारण आज्ञापालनाचा आपला अनुभव दांडगा आहे. नवऱ्याच्या पानाआधी न जेवणे, मोठ्यांपुढे आवाज न चढवणे, पगार आणून हातात ठेवणे. यातले काही प्रेमाने होते, काही भीतीने, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. फरक एवढाच, की आपल्याकडची भूमिका पाळण्यात ठरते आणि मांडवात पक्की होते. तिच्या मर्यादा कोणत्या, हे सुनेला आधी बसवून कुणी विचारत नाही.

कायद्याने हे विचारणे एका परीने लिहून ठेवले आहे. २०१३च्या दुरुस्तीने बलात्काराच्या कलमात संमतीची व्याख्या आली. ती आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३मध्ये आहे. संमती निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची हवी, ती त्या विशिष्ट कृतीसाठी हवी, आणि बाईने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिचा होकार धरायचा नाही. कॅफेतल्या त्या टेबलाभोवतीच्या माणसांना यात नवे काहीच वाटणार नाही, ते रोज हेच एकमेकांना बजावत असतात. ते सगळेच ते पाळतात असे नाही. त्यांच्यातही लबाड, दांडगट आणि नियमांआड लपणारे आहेत. पण नियम मोडला हे निदान दाखवून देता येते.

आज्ञा कुणाची आणि कशी, यापेक्षा दोन साध्या गोष्टी तपासाव्या लागतात : पाळणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते का, आणि म्हटल्यावर समोरचा थांबतो का. त्याच कलम ६३मध्ये खाली एक अपवाद जोडलेला आहे : पत्नी अठरा वर्षांखालील नसेल, तर पतीने तिच्याशी केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. म्हणजे हा प्रश्न अनोळखी माणसाला विचारावा लागतो, प्रियकराला विचारावा लागतो. नवऱ्याला त्यातून अजून सूट आहे.