मॉर्डोरमध्ये पाऊस किती पडतो?

‘द हंट फॉर गॉलम’ हा चित्रपट येतोय म्हटल्यावर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्कीन यांचा कट्टर भक्त आधी पुस्तकातली सनावळी उघडतो. अ‍ॅरागॉर्नने गॉलमला पकडलं ते तिसऱ्या युगाच्या ३०१७ साली. दिग्दर्शक अँडी सर्किस यांनी त्यात इकडचं तिकडं केलं, तर त्यांची खैर नाही.

हे खूळ म्हणून सोडून द्यावं, तर त्यात भलीभली माणसं सापडतात. कॅरन विन फॉन्स्टाड या अमेरिकी नकाशाकार बाईंनी १९८१ मध्ये मिडल-अर्थचा, म्हणजे टोल्कीन यांच्या कल्पित जगाचा, अख्खा नकाशासंग्रह काढला. पण खरी कमाल केली ब्रिस्टल विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ डॅन लंट यांनी. २०१३ मध्ये त्यांनी मिडल-अर्थचा नकाशा थेट हवामानाच्या संगणकीय प्रारूपात घातला आणि पुस्तकातल्याच राडागास्ट या जादूगाराच्या नावाने शोधनिबंध लिहिला. एल्फ आणि ड्वार्फ वाचकांसाठी वेगळ्या आवृत्त्याही काढल्या!

शायर या हॉबिटांच्या मुलखाची हवा निघाली इंग्लंडातल्या लिंकनशरसारखी, मॉर्डोर या खलनायकाच्या मुलखाची लॉस एंजेलिससारखी. ओले वारे मिस्टी माउंटन्सला अडतात आणि पूर्वेकडे पाऊस रोडावतो. महाबळेश्वर भिजतं नि माण-खटाव कोरडं राहतं, तसंच. कुणी हात लावला नसता तर बराच मुलूख घनदाट जंगलाखाली असता, असंही प्रारूपातून दिसलं. पुस्तकातला एलरॉन्ड जुन्या अरण्यांबद्दल सांगतो ते याच्याशी जुळतं.

जुळतं, कारण टोल्कीन स्वतःच पक्के हिशेबी. आपल्या कथेतला चंद्र एकाच वेळी एकीकडे उगवतोय नि दुसरीकडे मावळतोय, हे लक्षात आल्यावर त्यांनी काही मजकूर पुन्हा लिहिला. १९४४ च्या, मुलाला धाडलेल्या पत्रात तसं नमूद आहे. २०१५ मध्ये उजेडात आलेल्या एका नकाशावर त्यांच्या हातच्या नोंदी आहेत: शायरमधलं हॉबिटन ऑक्सफर्डच्या अक्षांशावर, मिनास तिरिथ हे शहर इटलीतल्या रावेन्नाच्या.

तरी चुका राहिल्याच. मॉर्डोरच्या पर्वतरांगा जवळजवळ काटकोनात वळतात. निसर्गात डोंगर सहसा असे आखून उभे राहत नाहीत. अशा चुकांवरून वाचक वाद घालतात, आणि मला तर तो वाद फार मोलाचा वाटतो. ज्या जगात चूक काढता येते, त्याचाच अभ्यास होतो. ‘जादू आहे’ म्हटलं की सगळं खपत असेल, तर विचारायचं काय?

खटकते ती पहारेकरी वृत्ती. सनावळी पाठ असली म्हणजे दुसऱ्याच्या कल्पनेवर जप्ती आणायचा हक्क मिळत नाही. लंट यांचा रस्ता बरा. भौतिकशास्त्राच्या नियमांवर चालणारं प्रारूप कल्पित जगालाही लावता येतं, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. हवामान-प्रारूपांवरचं व्याख्यान ऐकायला रविवारी कोण उठून जाईल? मॉर्डोरचा पाऊस म्हटल्यावर मात्र तुम्ही इथवर वाचलंत.